पेडल मारून वीज? आधी भाकरीचा हिशेब करू

माझगाव परिसरातल्या एका वस्तीत विहाराला लागून मुलांची अभ्यासिका चालते. तिथे पेडल मारून वीज तयार करणाऱ्या दोन सायकली बसवून देण्याची तयारी एका दात्याने दाखवली आहे. सायकल एका जागी उभी, चाकाला डायनामो, बाजूला बॅटरी. मुले आळीपाळीने पेडल मारतील, त्यांचा व्यायाम होईल आणि दिव्या-पंख्याचे बिलही वाचेल, अशी ही कल्पना आहे. मंडळातल्या काहींना ती पटली, काहींना नाही. मग आरोग्याच्या पानाकडे विचारणा आली की हे शरीराला चांगले की वाईट? आमचे मत सरळ सांगतो. दात्याची भावना चांगली आहे, त्यांचे आभार मानावेत, पण या सायकली घेऊ नयेत. का, ते सविस्तर सांगायला हवे, कारण अशा सायकलींचे व्हिडिओ आता घरोघरी मोबाईलवर फिरतात आणि 'तासभर पेडल मारा, दिवसभर वीज वापरा' हे ऐकायला फार गोड लागते.

हे वाक्य आले कुठून? २०१५ साली मनोज भार्गव या अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या उद्योगपतीने अशी सायकल जगापुढे आणली. एक तास पेडल मारले की एका घराला चोवीस तास वीज मिळेल, असा त्यांचा दावा होता. भारतात वाटण्यासाठी दहा हजार सायकलींची घोषणा झाली आणि उत्तराखंडमधल्या लहान गावांपासून सुरुवात करायचे ठरले. दाव्यात 'घर' म्हणजे कसले घर, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. जिथे तारच पोचलेली नाही, रात्री रॉकेलची चिमणी लागते, तिथे एक छोटा दिवा आणि मोबाईलचे चार्जिंग म्हणजे सुद्धा मोठी गोष्ट. माझगावच्या खोलीत फ्रिज आहे, टीव्ही आहे, मिक्सर आहे, दिवसभर फिरणारा पंखा आहे. घर या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एक नाही.

आता हिशेब. धडधाकट माणूस दम न लागता तासभर पेडल मारू शकतो तेव्हा त्याच्या पायांतून साधारण ७५ वॅट शक्ती निघते. खेळाडू याहून बराच जास्त जोर लावतो, पण आपण घरातल्या माणसांबद्दल बोलतो आहोत. पट्टा, डायनामो, बॅटरी, इन्व्हर्टर यांच्यात तिचा तिसरा हिस्सा तरी वाया जातो. म्हणजे तासाभराच्या घामातून हातात पडतात सुमारे ५० वॅट-तास. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. तेव्हा एका युनिटसाठी वीस तास पेडल मारायचे.

त्या ५० वॅट-तासांत ९ वॅटचा एक एलईडी बल्ब साडेपाच तास चालेल. किंवा दोन मोबाईल चार्ज होतील. जुना ७५ वॅटचा पंखा चाळीस मिनिटे फिरेल. हिवाळ्यात आंघोळीची एक बादली कोमट करायला वीज लागते एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सात तास पेडल. महिन्याला १०० युनिट लागणाऱ्या घराने सगळी वीज पायाने काढायची ठरवली तर २००० तास लागतील. महिन्यात तास असतात ७२०. तीन माणसांनी झोपेशिवाय, जेवणाशिवाय, कामावर न जाता जवळजवळ रात्रंदिवस पेडल मारले तेव्हा कुठे ते घर भागेल.

ज्यांनी जुन्या सायकलीवर बाटलीएवढा डायनामो लावून चालवले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. डायनामो टायरला टेकवला की सायकल लगेच जड व्हायची, आणि तो दिवा होता फक्त तीन वॅटचा.

समजा घरातल्या एकाने रोज एक तास, महिनाभर न चुकता पेडल मारले. तीस तासांत वीज झाली दीड युनिट. बेस्टच्या बिलावर पहिल्या टप्प्याचा दर पाहून दीडने गुणा. येणारी बचत एका वडापावलाही पुरत नाही. आता दुसरी बाजू पाहा, जी व्हिडिओत कोणी दाखवत नाही. पेडल चालते ते अन्नावर. आपले शरीर खाल्लेल्या अन्नापैकी जेमतेम पाव हिस्सा कामात उतरवते, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. तासभर असे पेडल मारायला सुमारे ३०० कॅलरी लागतात. एक मोठी ज्वारीची भाकरी म्हणजे तेवढ्याच कॅलरी. महिन्याला दीड युनिटसाठी तीस भाकऱ्या, म्हणजे अडीच-तीन किलो पीठ! पिठाचा भाव वाचकांना आमच्यापेक्षा चांगला माहीत आहे. फुकट वीज म्हणतात ती ही. वीजघरात कोळसा जळतो, इथे भाकरी जळते, एवढाच फरक.

ज्याच्या पोटावर चरबी साठली आहे त्याने ती जाळावी, त्यात नुकसान नाही. पण आपल्या वस्तीत सगळी शरीरे तशी नाहीत. कोणी गोदीत ओझी उचलतो, कोणी पहाटे झाडू घेऊन निघतो, कोणी चार घरची धुणीभांडी करून दुपारी परततो. ही माणसे दिवसभर पेडलच मारत असतात, फक्त त्यांच्या चाकाला डायनामो नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेल्या बाईला जिना चढतानाच धाप लागते. टीबीच्या रुग्णाला सरकार औषधाबरोबर पोषणासाठी महिन्याला पैसे देते. आधी ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. औषध पचायला आणि झिजलेले अंग भरायला कॅलरी लागतात म्हणूनच ना? त्याच कॅलरी बल्बमध्ये घालवायच्या, हे आम्हाला पटत नाही.

आणि घरात सायकल आली की पेडल कोण मारणार? पुरुष आठ दिवस हौसेने मारतील. नवव्या दिवशी ते काम बाईच्या किंवा मोठ्या मुलीच्या वाट्याला येईल, जसे पाणी भरणे आले. पायमशीनचे उदाहरण घ्या. कितीतरी घरांत आई-आजीने पायमशीनवर ब्लाऊज, पिशव्या, गोधड्या शिवून मुले शिकवली. गुडघे आणि कंबर त्यात गेली. चार पैसे हाताशी आले तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती मशीनला मोटर बसवण्याची. ती मोटर शंभरेक वॅटची असते, म्हणजे एका माणसाच्या पायांहून थोडी जास्त. तिने वीज घेऊन पाय सोडवले. आता पाय देऊन वीज घ्या, असे तिला सांगायचे का?

बाबासाहेबांना हा प्रश्न अगदी मुळातून कळला होता. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याकडे वीज हा विषयही होता. वस्तीतल्या बऱ्याच जणांना त्यांनी केलेले कामगार कायदे ठाऊक असतात, विजेचे काम ठाऊक नसते. देशाची गरिबी हटवायची तर कारखानदारी वाढली पाहिजे, आणि त्यासाठी वीज स्वस्त आणि भरपूर हवी, अशी भूमिका त्यांनी १९४३ मध्ये वीजविषयक समितीपुढे मांडली. पुढच्या वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू ठामपणे घेतली. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय वाचन, विचार, संस्कृती काहीच वाट्याला येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ज्यांच्या पिढ्या ढोरमेहनतीत गेल्या त्यांच्यासाठी हा पुस्तकी वाद नव्हता. अभ्यासिकेतल्या मुलाने पुस्तक बाजूला ठेवून दिव्यासाठी पेडल मारायचे, ही कल्पना आम्हाला त्यामुळेच जास्त खटकते. तिथे चार ट्यूब आणि तीन जुने पंखे आहेत, मिळून तीनशे वॅट. ते चालू ठेवायला एका वेळी सहा मुले सायकलवर हवीत. सायकली येणार दोन. अभ्यास कोणी करायचा?

पत्र्याच्या बंद खोलीचीही एक अडचण आहे. पेडल मारणारा माणूस अडीचशे-तीनशे वॅटची उष्णता खोलीत सोडतो. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पंखा चालावा म्हणून पेडल मारायचे, आणि पेडल मारल्यामुळे पंखा जास्त लागायचा.

पेडल वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या रस्त्यावर येणारा धारवाला सायकल स्टँडवर उभी करतो आणि पेडल मारून दगड फिरवतो. त्याची ताकद थेट कामात जाते, मध्ये बॅटरीची गळती नाही. नागपूरचे प्रा. जे. पी. मोडक यांनी याच वाटेवर बरीच वर्षे संशोधन केले. पेडल मारून जड चाकाला गती द्यायची आणि साठलेली ताकद एकदम विटा पाडण्याच्या यंत्राला द्यायची, अशी त्यांची रचना आहे. जिथे वीज नाही आणि हाताला काम हवे आहे, तिथे याला अर्थ आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, तेव्हा एखादी पेडलची सायकल मोबाईलपुरती उपयोगी पडली असती. पण तेवढ्यासाठी भरलेली पॉवर बँक पुरते, आणि ती कोपरा अडवत नाही.

व्यायामाचे म्हणाल तर जरूर करा, फक्त त्याला व्यायामच म्हणा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. ज्यांचे काम बसून आहे, साखर किंवा ब्लडप्रेशर आहे, वजन वाढले आहे, गुडघे चालताना दुखतात, त्यांना एका जागची सायकल चांगली. डायनामो नको, साधी चालेल. तीही नसेल तर भंडारवाड्याची चढण आहे, तिला पैसे पडत नाहीत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम करू नका, खिशात साखर ठेवा. छातीत दाब वाटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. रक्त कमी असेल तर आधी उपचार, मग व्यायाम. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

बिल कमी करायचे तर मार्ग दुसरे आहेत. जुना ७५ वॅटचा पंखा काढून २८-३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज बारा तास फिरला, तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. सायकलवर तेवढ्यासाठी रोज दहा तासांहून जास्त घाम गाळावा लागेल. अनेक वस्त्यांत अजून स्वतःचा मीटर नाही. कुणा दादाच्या मीटरवरून तार येते आणि बल्बामागे, पंख्यामागे तो सांगेल ते पैसे द्यावे लागतात. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये जागेचा मालक किंवा भोगवटादार यांना अर्जावरून वीज देण्याचे बंधन वितरण संस्थेवर घातले आहे. भोगवटादार हा शब्द लक्षात ठेवा, वस्तीत राहणारा माणूस त्यात येतो. वीजजोडणी मिळाल्याने जागेचा मालकी हक्क मिळत नाही, तो वेगळा लढा आहे. पण मीटर आपल्या नावाचा झाला की दादाचा दर संपतो. जमीन पोर्टाची असेल तर कागदांवरून खेटे घालावे लागतात, म्हणून अर्ज एकेकट्याने न करता गल्लीने मिळून करावा. बेस्ट महापालिकेचा उपक्रम आहे, तेव्हा नगरसेवकाला त्यात घ्यायला लाजू नये.

दात्याला आमची विनंती अशी की सायकलींचे पैसे अभ्यासिकेलाच द्यावेत. त्यातून तीन नवे पंखे, वीज गेल्यावर लागणारे दोन चार्जिंगचे दिवे आणि एक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. दुकानात त्याला ईएलसीबी म्हणूनही ओळखतात. पावसाळ्यात पत्र्याला, ओल्या भिंतीला करंट उतरून माणसे दगावतात. हे उपकरण गळतीचा करंट ओळखून क्षणात वीज तोडते. ते लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवावे आणि अर्थिंगही तपासून घ्यावे. त्यावर 'टेस्ट' लिहिलेले एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर ते बिघडले आहे, त्याच दिवशी बदलून घ्यावे.