आधी माती, मग झाड

आज १७ जून, वाळवंटीकरण आणि दुष्काळाविरुद्धचा जागतिक दिवस. काटोल-नरखेड भागात सध्या सोयाबीन आणि तुरीच्या पेरणीची लगबग आहे. गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम जिवाणूंचे खत बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे, बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दीडेक महिन्याने रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, की आत लालसर गुलाबी रंग दिसतो. हवेतला नत्र पिकाला मिळू लागल्याची ती खूण.

याच कुळातले जिवाणू आपल्याच नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवरही कामी आले. खाणीतून उपसलेल्या त्या दगडगोट्यांत ना सेंद्रिय कर्ब, ना नत्र, ना पाणी धरून ठेवण्याची ताकद. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतील डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसते खड्डे खणून रोपे लावली नाहीत. साखर कारखान्यातला प्रेसमड, रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी यांच्या आधारे त्यांनी आधी माती घडवली. चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसा खाणीवरही हीच रीत वापरली. खापरखेडा वीज केंद्राच्या राखेवर तर १० हेक्टरांत हेक्टरी ५० टन शेणखत घालून प्रयोग झाला. हे संशोधन जगभर वाचले गेले. विदर्भातल्या किती ग्रामपंचायतींना ते ठाऊक आहे?

‘आधी माती’ हा धडा परदेशातही दिसतो. कॅनडातल्या अल्बर्टात, उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात, तेलवाळू उपसण्याआधी वरची माती आणि पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) राखून ठेवतात व नंतर तीच परत पसरतात. तिथल्या गेटवे हिल या १०४ हेक्टर जमिनीला ‘पूर्ववत झाली’ असे सरकारी प्रमाणपत्र मिळाले ते २००८ साली, लागवडीनंतर वीसहून अधिक वर्षांनी. पीटची दलदल मात्र साचायला हजारो वर्षे लागतात. ती कोणत्याही लागवडीने परत येत नाही.

पुढच्या महिन्यात वनमहोत्सव येईल आणि लावलेल्या रोपांचे आकडे झळकतील. त्या आकड्यांवर आमचे समाधान नाही. तिसऱ्या वर्षी किती झाडे जगली आणि मातीतला सेंद्रिय कर्ब किती वाढला, हे जाहीर झाले पाहिजे. खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ मध्येही खाणीवरची सुपीक माती वेगळी साठवून पुन्हा वापरण्याची तरतूद आहे. मुरूम आणि गिट्टीच्या खदानींनाही हीच शिस्त हवी. गावात नव्या खदानीचा ठराव आला, तर काटोल तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने हात वर करण्याआधी एवढे विचारावे: वरची माती कुठे ठेवणार, आणि ती परत कधी टाकणार? उत्तर लेखी घ्यावे.