मूत्रनियंत्रण इम्प्लांटनंतरच्या सोयींबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गौतम बुद्ध नगर
प्रत : मुख्य कार्यकारी अधिकारी, नोएडा प्राधिकरण

विषय : लघवीवरचा ताबा गेल्याने कृत्रिम स्फिंक्टर बसवलेल्या मज्जाविकारग्रस्तांच्या सोयींबाबत

महोदय,

आम्ही नोकरीधंद्यानिमित्त नोएडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहोत. (हिंदी प्रत सोबत जोडली आहे.) मणक्याला मार बसल्याने किंवा जन्मजात स्पायना बिफिडामुळे आमच्या घरांतील काहींचा लघवीवरचा ताबा गेला होता. कृत्रिम स्फिंक्टर बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर डायपर सुटले, कामावर जाता येऊ लागले, लग्नकार्यात निर्धास्त बसता येऊ लागले. हे सुख टिकावे, एवढ्यासाठीच हे निवेदन.

या उपकरणात मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला कफ असतो. कातडीखालचा पंप दाबला की द्रव पोटातल्या फुग्यात जातो, मार्ग मोकळा होतो आणि दोन-तीन मिनिटांत कफ आपोआप पुन्हा आवळतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि धोका तिथेच आहे. अपघातानंतर बेशुद्ध रुग्णाला नेहमीच्या पद्धतीने कॅथेटर घालतात. कफ सैल करून त्याच स्थितीत लॉक न करता कॅथेटर आत ठेवला, तर मूत्रमार्गाला इजा होते, कफ आत घुसतो आणि लाखोंचे उपकरण काढून टाकावे लागते. आमच्यातल्या एका कुटुंबाला आपत्कालीन विभागात ‘असले उपकरण कधी पाहिलेच नाही’ असे उत्तर मिळाले. म्हणून सेक्टर ३९ मधील जिल्हा रुग्णालयाच्या आणि १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना याचे प्रशिक्षण द्यावे, आणि कॅथेटर घालण्यापूर्वी इम्प्लांटची चौकशी करणे सक्तीचे करावे. ही आमची पहिली आणि सर्वांत तातडीची मागणी आहे.

गळती थांबली तरी मूत्राशयाची नस दुबळीच राहते. त्यामुळे अनेकांना दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. त्यासाठी दोन्ही हात मोकळे आणि स्वच्छ हवेत. सार्वजनिक स्वच्छतागृहात पिशवी अडकवायला खुंटी नाही, कॅथेटर ठेवायला फळी नाही, आतल्या बाजूला नळ नाही. मग माणूस पिशवी गळ्यात अडकवून, भिंतीला टेकून ते काम उरकतो. चाकाच्या खुर्चीवरच्याला तर आतच जाता येत नाही. सेक्टर १८ ची बाजारपेठ आणि मेट्रो स्थानकांपासून सुरुवात करून प्राधिकरणाने अशी स्वच्छतागृहे सुधारावीत. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ ने सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश बंधनकारक केला आहे. त्याचीही तपासणी व्हावी.

मूत्राशयातला दाब वाढत राहिला तर गळती नसतानाही मूत्रपिंडे खराब होतात. सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि युरोडायनॅमिक तपासणी जिल्ह्यातच नियमित व्हावी, गरजूंना कॅथेटर मोफत मिळावेत.

या मागण्यांवर आपण भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. प्रशिक्षणाच्या दिवशी आमच्यातले रुग्ण स्वतः येऊन पंप कसा चालतो ते समजावून सांगतील.

आपले नम्र,
नोएडातील मराठी रुग्ण व त्यांचे कुटुंबीय