गंमत उलट्या बेडकाची, प्रश्न ढोलीचा



अंदमानातल्या चार्ल्स डार्विन बेडकाची बातमी 2024 मध्ये गाजली ती गंमत म्हणून: नर-मादी डोकं खाली, पाय वर करून अंडी घालतात. दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांच्या त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मात्र या गमतीत मागे पडली. हा बेडूक आता रोपवाटिकेतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि जंगलाच्या कडेला फेकलेल्या डब्या-बाटल्यांत साचलेल्या पाण्यात वीण उरकू लागला आहे.

अंदमानबाहेर हा बेडूक जगात कुठेही नाही. 1998 मध्ये त्याची नोंद झाली ती माउंट हॅरिएटवरून (आता माउंट मणिपूर). सेल्युलर जेल पाहून झालं की आपले पर्यटक जुन्या वीसच्या नोटेवरचा देखावा बघायला जातात, तोच हा डोंगर. या बेडकाची खरी जागा म्हणजे पाणी धरलेली झाडाची ढोली. अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या वर ढोलीच्या भिंतीला चिकटवायची. फुटली की पिल्लं खाली पाण्यात पडतात. मादी न मिळालेले नर जमलेल्या जोडीवर तुटून पडतात, चावे घेतात. त्यांना मध्ये शिरता येऊ नये म्हणून ही उलटी बैठक, असा अभ्यासकांचा कयास आहे.

'बघा, प्लास्टिकशीही जुळवून घेतलं!' हे कौतुक मला पटत नाही. घर पाडल्यावर माणूस पुलाखाली झोपला, तर त्याला कुणी जुळवून घेणं म्हणत नाही. रोपाची पिशवी लागवडीला उचलली की अंडी गेलीच. आणि ढोल्या नसलेल्या जागी भर पावसाळ्यात नुसती 'प्लास्टिक हटाव' मोहीम काढली, तर उरलंसुरलं पाणीही जाईल.

ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, आतून कुजावं लागतं. आपण मोजतो ती रोपं. ग्रेट निकोबारच्या प्रकल्पात जाणाऱ्या जंगलाच्या बदल्यात हरियाणात झाडं लावायचं ठरतं, ते याच हिशेबाने. हा बेडूक निकोबारचा नव्हे, पण वही तीच आहे, आणि पर्यायी वनीकरणाच्या त्या वहीत ढोलीला रकानाच नाही.

अंदमानच्या वनखात्याने तो रकाना आधी आखावा. पोखरलेली झाडं निरुपयोगी म्हणून तोडू नयेत. रस्त्यालगत धोका वाटला तर फांद्या छाटाव्यात, खोड उभं ठेवावं. पिशव्या हलवण्यापूर्वी त्यांतलं पाणी तपासावं, आणि कचरा उचलायचा तो पावसाळा सरल्यावर.

– एक वाचक, ठाणे