दुखण्याची गोळी आणि घराची जबाबदारी

दारूची बाटली आपल्या उंबऱ्याच्या आत आली, तर सारे घर उठून उभे राहते. पण कपाटातल्या डब्यात पडलेल्या दुखण्याच्या गोळ्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही. डॉक्टरने दिलेले औषध, त्यात कसली नशा, असे आपण समजतो. या महिन्यात आम्हाला याच समजुतीविषयी बोलायचे आहे.

दुखण्यावरच्या सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात. साधी पॅरासिटामॉल वेगळी. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन आणि मॉर्फिन ही औषधे अफूच्या कुळातली किंवा तिच्यासारखे काम करणारी आहेत. ऑपरेशननंतर किंवा कॅन्सरच्या वेदनेत ती अल्लाहची नेमतच म्हणायची. पण काही दिवस सलग घेतली की शरीराला त्यांची सवय लागते. आधी एका गोळीने भागत होते, आता दोन लागतात. गोळी बंद केली की अंग मोडून येते, घाम सुटतो, झोप उडते. घरच्यांना वाटते, जुने दुखणे उलटले. म्हणून ते पुन्हा तीच गोळी आणून देतात. फास असा आवळत जातो, आणि त्यात कोणाची नियत वाईट नसते.

सरकारने हा धोका ओळखला आहे. १ मार्च २०१४ पासून ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी औषधे ‘एच-वन’ यादीत आली. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला डॉक्टरचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंद ३ वर्षे जपावी लागते. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाले, आणि टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाची परवानगी केंद्राने काढून घेतली. मालेगावची ‘कुत्ता गोली’ तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. ती अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट आणि झोपेवरची गोळी. तिचे कूळ वेगळे, पण अफूच्या कुळातल्या औषधाबरोबर ती पोटात गेली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

आता आपल्या अंगणात पाहू. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड मजूर दिवसभर मोळ्या वाहतात. हमाली, यंत्रमाग किंवा शिलाईचे काम करणाऱ्यांची पाठ-कंबरही रोज दुखते. शेजारी म्हणतो, “माझ्याकडची घे, लगेच आराम पडेल.” ही हमदर्दी खरी असते, पण एकाच्या वजनाला, वयाला आणि आजाराला दिलेली गोळी दुसऱ्याला मारक ठरू शकते. घरात कोणाचा इंतकाल झाला की उरलेली भारी औषधे सवाब म्हणून दुसऱ्या रुग्णाला देण्याचीही पद्धत आहे. देणाऱ्याचा हेतू नेक, तरी हे देणे टाळावे.

रमजानमध्ये आणखी एक चूक घडते. दिवसाची राहिलेली गोळी इफ्तारला दुप्पट करून घेतली जाते. असे कधीही करू नये. रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घ्याव्यात. ते शक्य नसेल, तर आजारी माणसाला शरीअतने रोज्यात सवलत दिलेली आहेच.

घरात एवढे पाळावे. डॉक्टरांना विचारावे, “ही गोळी सवय लावणारी आहे का? किती दिवस घ्यायची?” आधीपासून चालू असलेली सगळी औषधे त्यांना सांगावीत. दुकानात जुन्या चिठ्ठीवर किंवा नुसते नाव सांगून अशी गोळी मागू नये. पाकीट कुलपात ठेवावे, गोळ्या मोजून ठेवाव्यात. बारा वर्षांखालील मुलांना कोडीनचे खोकल्याचे औषध देऊ नये. उरलेली गोळी जपून ठेवू नये. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिनसह १७ औषधे संडासात टाकून पाणी सोडावे, असे केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये सांगितले आहे. गोळी घेतलेला माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवून ताबडतोब १०८ ला फोन करावा.

मात्र भीतीने दुसरे टोक गाठू नये. कॅन्सरच्या रुग्णाला ‘नशा होईल’ म्हणून मॉर्फिन नाकारणे हा जुलूम आहे. अशा रुग्णांना ते सहज मिळावे, म्हणूनच २०१४ मध्ये कायदा बदलला गेला. ज्याला सवय लागली आहे, त्याची गोळीही एकदम हिसकावू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. १४४४६ या मोफत क्रमांकावर व्यसनमुक्तीचा सल्ला मिळतो. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे काम करीत आहे. बदनामीच्या भीतीने मुलाला किंवा भावाला घरात लपवून ठेवल्याने त्याचा आजार वाढतो, आणि घराची इज्जतही वाचत नाही.

नशा हराम आहे, हे आपल्या मुलांना मदरशात जाण्याआधीच ठाऊक असते. औषधाच्या पाकिटातूनही ती घरात येऊ शकते, हे मात्र त्यांना आपणच सांगायला हवे. इलाज करून घेणे सुन्नत आहे आणि शरीर ही अल्लाहची अमानत आहे. आज मगरिबनंतर घरातला औषधांचा डबा उघडून सर्वांनी मिळून तपासावा. अल्लाह प्रत्येक आजारी माणसाला शिफा देवो. आमीन.