आधी जाळी उघडा

सभागृहातले चित्र फिकट दिसू लागले की कार्यकारिणीत पहिला ठराव येतो तो जास्त ल्युमेनचा नवा प्रोजेक्टर घेण्याचा. या आठवड्यात वाचकांना आग्रहाने सांगायचे ते हेच, की तो ठराव बाजूला ठेवा आणि आधी फिल्टरची जाळी उघडून पाहा. जाळी धुळीने बुजली की हवा आत शिरत नाही, यंत्र तापते, पंखा घोंघावतो आणि दिव्याचे आयुष्य घटते. लेझरला देखभाल लागत नाही, असे सांगितले जाते. लेझरचे आयुष्य २०,००० तासांच्या घरात असते हे खरेच; पण तोही तापतो आणि त्यालाही थंड हवा हवीच. मांडणीतही अशीच हयगय होते. मिळेल त्या टेबलावर यंत्र ठेवायचे आणि तिरके चित्र कीस्टोनने चौकोनी करायचे, ही सवय मोडलीच पाहिजे. कीस्टोन चिपवरचे काही पिक्सेल काळे ठेवतो, म्हणजे १९२० गुणिले १०८० चे पैसे मोजून त्यातले काही वायाच घालवायचे! लेन्स शिफ्टमध्ये भिंग सरकते, सगळे पिक्सेल शाबूत राहतात. कार्यक्रमाच्या घाईत एवढा वेळ कुठून आणायचा, असे कुणी विचारेल. माइक तपासायला मिळतो तेवढा वेळ पडद्यासमोर यंत्र नीट मांडायला पुरतो, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला तक्त्यातले आकडे वाचता येतात. शेवटी, दिव्याचे यंत्र असेल तर आभारप्रदर्शन संपताच वायर उपटू नका. पंखा आपणहून थांबू द्या.