किल्ली आपल्याच हाती

पूर्वी घरी एखादे पत्र आले, की ते वाचून दाखवण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येत असे. आता पत्रे कमी झाली आणि मोबाइल आले; पण वाचून दाखवण्याचे काम अजून मुलांकडेच आहे. बँकेचा संदेश आला, विजेचे बिल भरायचे असले किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा असला, की अम्मी नाहीतर दादी हाक मारते, "बेटा, जरा बघ, काय लिहिले आहे!" मालेगाव असो, भिवंडी असो की मुंब्रा, अनेक घरांत हेच दिसते. घरातील पैशांच्या आणि कागदपत्रांच्या एका दाराची किल्ली अशा रीतीने तुमच्या हाती आली आहे. म्हणून इंटरनेटवर सुरक्षित कसे राहावे, हे मोठ्यांइतकेच तुम्हांलाही ठाऊक असले पाहिजे, असे मला वाटते.

इंटरनेट म्हणजे जगभरातील संगणकांना आणि मोबाइलना जोडणारे जाळे. त्याची सुरुवात फार लहान होती. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठातील संगणकावरून दूरच्या दुसऱ्या संगणकाकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न झाला. त्यातील पहिली दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली! पुढे १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील एका संशोधन संस्थेत 'वर्ल्ड वाइड वेब'ची कल्पना मांडली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा सर्वसामान्य लोकांसाठी खुली केली. आज समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून परदेशातील संदेश मुंबईच्या किनाऱ्यावर येतात आणि क्षणात आपल्या गल्लीत पोहोचतात.

हे सारे अद्भुत आहे. पण या जाळ्याचे दोन गुणधर्म नीट समजून घेतले पाहिजेत.

पहिला गुणधर्म असा, की हे जाळे निरोप पोहोचवते. निरोप देणारा खरा आहे की लबाड, हे ते पाहत नाही. पोस्टमन पाकीट आणून देतो, पण आतील मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. तसेच हे आहे. कोणीही बँकेचे चिन्ह लावून 'मी बँकेचा अधिकारी आहे' असे म्हणू शकतो. पन्नास वर्षांचा माणूस चौदा वर्षांची मुलगी बनून तुमच्याशी मैत्री करू शकतो.

दुसरा गुणधर्म असा, की इंटरनेटवर आपण वस्तू देत नाही, तिची नक्कल देतो. आपण आपल्या मोबाइलमधून फोटो पुसून टाकला, तरी दुसऱ्याकडे गेलेली नक्कल पुसली जाईलच असे नाही. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायची म्हणून आपण ते दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवतो. प्रत हातात मिळते, पण कार्डाचे चित्र त्या दुकानातील मोबाइलमध्ये राहते. "भाईजान, आमचे कार्ड आता पुसून टाका," असे तिथेच सांगायला लाजू नये. सेवा केंद्रातील संगणकावर अर्ज भरला, तर उठण्यापूर्वी आपले खाते बंद करावे.

आता फसवणूक कशी होते ते पाहू. लबाड लोक नवनवीन सोंगे घेतात, परंतु त्यांची हत्यारे जुनीच आहेत : लोभ, भीती, घाई आणि गुपित. "तुम्हांला बक्षीस लागले आहे," हा लोभ. "तुमचे खाते आज रात्री बंद होईल," ही भीती. "दहा मिनिटांत नंबर सांगा," ही घाई. आणि "हे कोणाला सांगू नका," हे गुपित. या चारांपैकी एक जरी दिसले, तरी तेथेच थांबावे. फोन बंद करावा आणि बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारावे. संदेशात आलेल्या क्रमांकावर फोन करू नये. तो क्रमांकही लबाडाचाच असू शकतो.

काही लबाड पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करतात आणि "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे," असे सांगतात. घाबरलेली माणसे तासन् तास मोबाइलसमोर बसून राहतात आणि आयुष्याची कमाई गमावतात. आपल्या कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील आपल्या भाषणात लोकांना हे सांगितले होते.

काही साध्या गोष्टी तर पाढ्यांसारख्या पाठ असाव्यात. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ती फोनवर कोणालाही सांगायची नाही. खरी बँक ती विचारत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हणाले, तर तो पैसे देणारा नसून पैसे नेणारा आहे, हे ओळखावे. पासवर्डमध्ये स्वतःचे नाव किंवा जन्मतारीख नसावी. तो लांब असावा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा. एकच किल्ली साऱ्या खोल्यांना चालत असेल, तर चोराचे काम सोपे होते.

संकेतस्थळाचा पत्ताही नीट वाचावा. पहिल्या तिरक्या रेषेपूर्वी जे नाव असते, त्याचा शेवट महत्त्वाचा. सुरुवातीला बँकेचे नाव कोणालाही लिहिता येते. 'गव्ह डॉट इन'ने संपणारे पत्ते सरकारी संस्थांनाच मिळतात, आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना आपले पत्ते 'बँक डॉट इन'ने संपणारे करायला सांगितले. पत्त्याजवळ कुलपाचे चित्र दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. मराठीतील 'कुलूप' म्हणजे तुमच्या उर्दूतील 'कुफ्ल'. पण येथील कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी आपला मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

येथे अनेक पालक म्हणतील, "एवढा धोका आहे, तर मुलांना मोबाइल देऊच नये." मुलींच्या बाबतीत तर हे फार लवकर ठरते. पालकांची काळजी खोटी नाही. मोबाइल किती वेळ वापरावा, याला मर्यादा हवी, हेही खरे. परंतु मोबाइल काढून घेणे हा उपाय नव्हे. गावात विहीर आहे म्हणून आपण मुलांना घरात कोंडत नाही; त्यांना पोहायला शिकवतो. आज शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल, प्रवेशाचा अर्ज, सारे इंटरनेटवर आहे. जिच्या हातून मोबाइल काढून घेतला, ती मुलगी धोक्यापासून दूर जाते की नाही हे सांगता येत नाही. शिक्षणाच्या संधीपासून मात्र नक्की दूर जाते.

याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. आठवीतील एखाद्या मुलीला कोणी तिचा बदललेला फोटो पाठवून धमकी दिली, असे समजा. 'घरी सांगितले तर मोबाइल जाईल, कदाचित शाळाही सुटेल,' असे तिला वाटले, तर ती गप्प राहील. लबाडाला हेच हवे असते. त्याची खरी ताकद त्या फोटोत नसते, मुलीच्या गप्प राहण्यात असते. म्हणून मला वाटते, की मुलांच्या सुरक्षिततेची सुरुवात घरातल्या बोलण्यातून होते. मुलाने किंवा मुलीने येऊन सांगितले, तर प्रथम रागवायचे नाही, ऐकून घ्यायचे, असा प्रत्येक घराचा नियम असावा. दोष फसवणाऱ्याचा असतो, फसलेल्याचा नव्हे.

असे काही घडलेच, तर धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत आणि संदेश पुसू नयेत. ते पुरावा म्हणून जपून ठेवावेत. अब्बा, अम्मी, आपा किंवा शिक्षक, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना लगेच सांगावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. तक्रार लवकर झाली, तर ती वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. लाजेने घालवलेला एक दिवस फार महाग पडतो.

आणखी एक गोष्ट. आपण फसू नये, तसेच आपल्यामुळे दुसऱ्या कोणाला त्रासही होऊ नये. वर्गमित्राचा फोटो गमतीने पुढे पाठवणे, त्याच्या नावाने खोटे खाते उघडणे ही गंमत नव्हे. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक करणाऱ्याला आपल्या देशातील २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा आणि दादीला तिच्या भाषेत समजावून सांगा, की पैसे घेताना पिन लागत नाही. ती एकदा फसता फसता वाचली, तरी या पाठाचे सार्थक झाले.

स्वाध्याय
१. फसवणूक करणाऱ्यांची चार हत्यारे कोणती?
२. 'नक्कल' देण्याचा धोका लेखकाने कोणत्या उदाहरणाने सांगितला आहे?
३. 'मुलांना मोबाइल देऊच नये' या मताविषयी तुम्हांला काय वाटते? आठ-दहा वाक्यांत लिहा.