शेजारची खुर्ची

राज्यघटनेत राष्ट्रपतींविषयी कलम 52 पासून पुढे पानेच्या पाने आहेत. निवड कशी करायची, पात्रता काय, शपथ कोणती, महाभियोग कसा चालवायचा, सगळे तपशीलवार आहे. कलम 59 मध्ये तर बिनभाड्याच्या घराचाही उल्लेख सापडतो. त्या घरात राष्ट्रपतींसोबत राहणाऱ्या माणसाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तो माणूस भेटतो राष्ट्रपतींच्या पगार-पेन्शनच्या 1951 च्या कायद्यात, आणि तोही राष्ट्रपतींच्या मृत्यूनंतर, निम्म्या पेन्शनचा हक्कदार म्हणून.

यंदाचा अंक या माणसाभोवती बांधला आहे. बऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्यात बसून रायसीना टेकडीची उठाठेव कशाला, असे कोणी विचारेल. विचारावे. असीरगडाच्या वाटेवरच्या आमच्या गावाला या विषयाचे वावडे नाही, उलट तो इथे दोन बाजूंनी येऊन भिडतो.

एक बाजू जुनी. बादशहाच्या बायकोची कहाणी बऱ्हाणपुरात पोराटोरांनाही ठाऊक असते. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत मुमताज महल सोबत होती. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात ती इथेच गेली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले. आग्र्याचा ताज पुढचा. आम्ही पाहुण्यांना ती बाग दाखवतो, प्रेमाची गोष्ट सांगतो आणि एक गोष्ट सांगायची राहून जाते: बादशहाने शाही मोहोर तिच्या हाती सोपवली होती. म्हणजे ती नुसती सोबत हिंडत नव्हती, कारभारातही होती. राजेशाहीत ते चालायचे. राज्यच घरचे, तर मोहोर घरात राहिली म्हणून बिघडले कुठे?

दुसरी बाजू आपल्या डोळ्यांदेखतची. बऱ्हाणपूर सोडून शाहपूर, इच्छापूर करत सरळ गेले की अंतुर्लीच्या पुढे मुक्ताईनगर लागते. त्याचे जुने नाव एदलाबाद. 1967 पासून 1985 पर्यंत तिथून सलग चार वेळा विधानसभेवर गेल्या त्या प्रतिभाताई पाटील. बोदवडजवळचे नाडगाव त्यांचे जन्मगाव. हा भाग सीमेच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला असला तरी आमचे सोयरसंबंध त्याच पट्ट्यात आहेत. त्यामुळे 25 जुलै 2007 ला ताईंनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. देशाला पहिल्यांदाच महिला राष्ट्रपती मिळाली. त्यासोबत राष्ट्रपतींचा नवराही पहिल्यांदाच मिळाला, आणि त्याचे काय करायचे हे कोणालाच कळेना.

देवीसिंह शेखावत म्हणजे काही कोणाच्या मागे चालण्यापुरते माणूस नव्हते. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, अमरावतीत कॉलेजचे प्राचार्य, त्या शहराचे पहिले महापौर, 1985 ते 1990 आमदार. घराणे मूळ राजस्थानातले. योगायोग असा की राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ताईंसमोर उभे होते तेही शेखावतच, भैरोंसिंह. लग्न 1965 मधले. तेव्हा ताई, एदलाबादच्या आधी दुसऱ्या मतदारसंघातून, आमदार होऊन तीन वर्षे झाली होती. म्हणजे बायकोचे सार्वजनिक आयुष्य त्यांना दिल्लीत नव्याने कळले असे नाही. राष्ट्रपती भवनात पाच वर्षे ते राहिले, समारंभांत शेजारी बसले, परदेश दौऱ्यांत सोबत गेले. हाती पद नव्हते, सहीचा अधिकार नव्हता. दिवाळीच्या पाडव्याला तिथे कोणी कोणाला ओवाळले असेल, हा प्रश्न तेव्हा आमच्या पारावर चवीने चघळला जायचा. उत्तर सोपे होते. बायकोनेच नवऱ्याला. राष्ट्रपतिपद उंबऱ्याच्या आत येत नसावे.

टीकाही झाली, ती दडवण्यात अर्थ नाही. 2009 मध्ये त्यांच्या मुलाला अमरावतीतून विधानसभेची उमेदवारी मिळाली, विद्यमान मंत्र्याचे तिकीट कापून. त्यावर लोक बोलले ते बरोबरच बोलले. राष्ट्रपती पक्षाच्या वर असतात, तर घरात तिकीट येताना चार वेळा विचार व्हायला हवा होता. पण विमानात नवरा का बसला होता, हा आक्षेप मला तेव्हाही पोरकट वाटला आणि आजही वाटतो. आधीच्या राष्ट्रपतींच्या बायका त्याच विमानातून गेल्या होत्या. त्यांचे तिकीट कोणी मोजले नाही. पुरुष शेजारी बसला की तो काहीतरी उपटायलाच बसलाय, अशी आपली समजूत. अनुभवातून आलेली, हे मान्य. 24 फेब्रुवारी 2023 ला शेखावत पुण्यात वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळ्यात त्यांना माजी राष्ट्रपतींचे पती म्हटले. महापौर, आमदार, प्राचार्य हे सगळे खाली, बातमीच्या पोटात.

बायकांच्या बाबतीत तर हे आधीपासूनच चालत आलेले. शंकर दयाळ शर्मा आपल्या भोपाळचे. त्यांच्या पत्नी विमला शर्मा 1985 मध्ये रायसेन जिल्ह्यातल्या उदयपुऱ्यातून आमदार झाल्या होत्या, हे मध्यप्रदेशातही किती जणांना आठवते? फखरुद्दीन अली अहमद पदावर असतानाच गेले. बेगम आबिदा अहमद त्यानंतर बरेलीतून लोकसभेवर निवडून आल्या. उषा नारायणन जन्माने ब्रह्मदेशाच्या. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याला परदेशी मुलीशी लग्न करायची मुभा नव्हती, ती नेहरूंनी दिली म्हणून ते लग्न झाले. सविता कोविंद यांचे मला आठवते ते 2020 च्या टाळेबंदीतले छायाचित्र: राष्ट्रपती भवनाच्या आवारातल्या शक्ती हाटमध्ये तोंडाला लाल कापड बांधून शिलाई मशीनवर मास्क शिवताना. फोटोसाठी बसवले असेल, असे कोणी म्हणेल. असेलही, पण कापड सुईखाली सरकवायचा हात सवयीचा असला की तो लपत नाही.

आणि जिथे शेजारची खुर्ची रिकामीच होती तिथे? राधाकृष्णन यांच्या पत्नी शिवकामू 1956 मध्येच गेल्या होत्या. कलामांचे लग्न झालेले नव्हते. द्रौपदी मुर्मू यांचे पती 2014 मध्ये वारले. राष्ट्रपती भवनाचे काही अडले नाही. ही खुर्ची शोभेची आहे, शोभेपुरतीच ठेवली गेली, आणि आपल्या लोकशाहीने जी थोडी कामे न बोलता नीट केली त्यांत मी हे एक धरतो.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. एलिनॉर रूझवेल्ट यांनी 1933 मध्ये फक्त महिला पत्रकारांसाठी पत्रकार परिषदा सुरू केल्या. नाइलाजाने वर्तमानपत्रांना बायका नेमाव्या लागल्या. पुढे 1978 च्या कायद्याने अध्यक्षांच्या जोडीदाराला सरकारी खर्चाने कर्मचारी देण्याची तरतूद झाली. फ्रान्समध्ये 2017 ला मॅक्राँ यांनी बायकोला अधिकृत दर्जा द्यायचे काढले, तर लोकांनी विरोधात सह्यांची मोहीम उघडली. शेवटी एका सनदेवर भागवले गेले, तीही बिनपगारी.

आता घराकडे येऊ. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, मध्यप्रदेशाने पुढे निम्म्या केल्या. सरपंचबाईच्या नवऱ्याबद्दलही कायद्यात अवाक्षर नाही. राष्ट्रपती भवनात त्या मौनाचा अर्थ ‘काही नाही’ असा लागला. गावात ‘सगळे काही’ असा लागला. पंचायतीच्या फलकावर नाव बाईंचे, खाली मोबाइल नंबर भाऊंचा. शिक्का भाऊंच्या शर्टाच्या खिशात, जांभळ्या शाईचा डाग कायमचा. सचिव रजिस्टर पुढे सरकवतो, भाऊ म्हणतात, “द्या, घरून सही आणतो.” पंतप्रधानांनी 2015 च्या पंचायत राज दिनी या ‘एसपी’ लोकांचा, म्हणजे सरपंच पतींचा, कारभार बंद करा म्हणून सांगितले. 2022 मध्ये आपल्याच राज्यात, दमोह जिल्ह्यातल्या गैसाबादला, निवडून आलेल्या बायका घरी आणि शपथ त्यांच्या नवऱ्यांना, असा प्रकार घडला. गेल्या काही वर्षांत केंद्राने समिती नेमली, तिने कडक दंडाची शिफारस केली.

दंडाने किती फरक पडेल, मला शंका आहे. जनपद पंचायतीत सीईओ साहेबांना भेटायचे तर बऱ्हाणपूर गाठावे लागते. घरात गाडी एक, ती नवरा चालवतो, केळीची कापणी असली तर तीही मोकळी नसते. त्याने बाईला तिथवर नेऊन सोडावे, बाहेर चहा प्यावा, कागद समजत नसेल तर घरी समजावावा. यात गैर काही नाही, संसार म्हणतात तो हाच. केबिनचे दार उघडून आत कोण जाते, एवढेच पाहायचे.

अंकाच्या शुभेच्छा जाहिरातींना यंदा आम्ही एक नियम लावला: जो पदावर आहे त्याचाच फोटो. नवऱ्याचा नाही, दिराचा नाही, सासऱ्याचा नाही, कोपऱ्यातला गोल फोटोसुद्धा नाही. काही भाऊ रागावले, काही जाहिराती परत गेल्या. त्या पानांवर दोन कथा जास्त घेता आल्या. एका सरपंचबाईंनी मात्र स्वतः फोन करून विचारले, पैसे आधी द्यायचे की नंतर, आणि फोटो पासपोर्टचा चालेल का. चालला. पान 64 वर आहे.